पडद्यावरच्या मुंग्या

"डावीकडे. अजून थोडं. थांबा. गेलं."

टेबलावर चहाचे कप. सगळे भरलेले, सगळे गार, सगळ्यांवर साय.

दोघे सोडून सगळे मिळाले, असं कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला. दोघे कोण, ते म्हणाला नाही.

शेजारचं पांढरं मांजर कठड्यावरून उतरलं. त्याच्या पाठीवर करडा पट्टा.

मुंग्या. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

*

सून जिन्याच्या मधल्या वळणावर उभी होती. खाली बैठकीच्या खोलीत टीव्हीपुढे सासूबाई आणि नणंद, वर गच्चीवर सासरे, आणि मध्ये ही. खालचा शब्द वर पोचवायचा, वरचा खाली आणायचा. चित्र बिघडलं की या घरात हीच रीत होती. एरवी या वळणावर तिचा नवरा उभा राहायचा आणि निम्मे निरोप पदरचे घालायचा. खालून आई म्हणायची, जरा उजवीकडे घ्या म्हणावं, आणि हा वर ओरडून सांगायचा, "बाबा, आई म्हणते तिथेच राहा, घरात शांतता आहे."

आज तो नव्हता. तो ज्या मालवाहू जहाजावर नोकरीला होता त्याला पहाटे भर समुद्रात आग लागली होती. पाण्यात उड्या टाकलेल्या माणसांना दुसऱ्या एका जहाजाने उचललं आणि दूरच्या कुठल्याशा बंदरात उतरवलं. वाचलेल्यांना सातच्या बातम्यांत दाखवणार होते. कंपनीचा फोन दुपारनंतर सारखा गुंतलेला, रेडिओ नावं सांगत नव्हता. नवरा आहे की नाही हे सांगू शकेल अशी एकच वस्तू घरात उरली होती, आणि नेमक्या तिच्यातच मुंग्या भरल्या होत्या.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने, ज्याच्याकडे कंपनीचा फोन आला होता, दोनदा माणूस पाठवला. आमच्याकडे चित्र स्वच्छ दिसतंय, सगळे इकडेच या. सासूबाई खुर्चीवरून हलल्या नाहीत.

"जे बघायचं ते मी माझ्या घरात बघेन," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या खुर्चीत बसून नाही."

सुनेला जावंसं वाटलं नव्हतं असं नाही. पण तिथे आपण एकटीने बघायचं आणि मग चालत परत येऊन या दोघींना सांगायचं, तो कोपऱ्यापासून दारापर्यंतचा रस्ता तिच्या डोळ्यांपुढे आला आणि ती जिन्यातच राहिली.

*

दुकानात दिसतंय, म्हणजे दोष केंद्राचा नाही. कालपर्यंत इथे चित्र आरशासारखं होतं, म्हणजे टीव्हीही म्हातारा झालेला नाही. नणंद हात धुऊन मागे लागली होती. तिने मागची पिन काढून पुसून बसवली, बटणं फिरवून पाहिली, खिडकीतून आत आलेली वायर बोटांत धरून वीत वीत चाचपली, कुठे उंदराने कुरतडली असेल म्हणून. वायर धडधाकट होती. घोडं पेंड खात होतं ते वरच.

"वहिनी," ती खालून म्हणाली, "बाबांना सांग, खांबाशी झोंबी बास. मघाशी निदान सावल्या तरी दिसत होत्या."

सुनेने वर हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. वारा होता, आणि वाऱ्यात पत्रा वाजावा तसा खांब कशावर तरी आपटत होता. आता एकाच दिवसात किती माणसांची काळजी करायची. ती दोन दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेली.

सासरे होते. जिन्याच्या खोलीवरच्या लहानशा छपरावर, लोखंडी शिडीच्या वर, खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभे. ते खांब फिरवत नव्हते. नुसते धरून उभे होते, जसं वादळात कुणी झाडाला धरून राहावं.

सात वाजायला आले होते. उजेड अजून होता. तिने आसपासच्या छपरांकडे नजर टाकली. जेवढे म्हणून अँटेना होते, सगळ्यांनी टेकडीवरच्या मनोऱ्याकडे तोंड केलेलं. त्यांचाही तिकडेच. केसभरही इकडेतिकडे नाही.

"बाबा, दिशा बरोबर आहे," ती म्हणाली. "तुम्ही खाली या. मी बघते."

ते खाली आले नाहीत, पण बाजूला सरकले. ती शिडी चढली. आडव्या नळ्यांच्या मधोमध एक छोटी डबी होती, तिच्यात दोन स्क्रू आणि त्यांना आवळलेली वायरची दोन टोकं. तिने डबीचं झाकण काढलं, आत बोट घातलं आणि बाहेर काढलं.

बोट करडं झालं होतं.

तिने नळीला हात लावला. तळवा करडा. खांबाला लावला. वासही आता ध्यानात आला. जिना चढताना नाकात शिरला होता, पण आज वासांकडे कुणाचं लक्ष होतं. मांजराच्या पाठीवरचा पट्टा तिला आत्ता कळला. खाली शिडीच्या पायाशी, भिंतीच्या कडेला डबा होता, त्याच्यावर ब्रश आडवा ठेवलेला, आणि शेजारी टर्पेंटाइनची बाटली.

"हा रंग कधी दिलात?"

सासरे टेकडीकडे बघत राहिले.

"आज दिलात."

"दुपारी," ते म्हणाले.

"फोन आल्यावर?"

त्यांनी मान हलवली.

दुकानात फोन घ्यायला तेच गेले होते, एकटे. परत आले, उंबऱ्यातच उभे राहिले आणि कंपनीचा माणूस काय म्हणाला ते दोन वाक्यांत सांगितलं. नंतर कुणाशीही न बोलता वर गेले. बराच वेळ. सुनेच्या मनात हे एकेक करून जुळत गेलं. ज्याला ठाऊक आहे तोच असं करील. जे दिसायला नको, ते दिसू नये म्हणून आधीच वर येऊन बंदोबस्त करील. आणि बायकोला, लेकीला, सुनेला संध्याकाळभर डावीकडे-उजवीकडे करायला लावील.

तिने शिडीची दांडी घट्ट धरली.

"तो माणूस फोनवर जे बोलला," ती हळू म्हणाली, "ते सगळं सांगितलंत का आम्हाला?"

"सगळं."

"बाबा, माझ्याकडे बघा."

ते वळले. आयुष्यभर गोदीत जहाजांना रंग देणारा माणूस, गल्लीत अजून रंगारी म्हणूनच ओळखला जाणारा. त्यांनी दोन्ही हात तिच्यापुढे धरले. हात थरथरत होते, मनगटापासून, ताटली हातात दिली असती तर वाजली असती असे.

"दुकानातून निघालो तेव्हापासून हे असं," ते म्हणाले. "तुझ्या सासूला दिसू नये म्हणून वर आलो. ब्रश धरला की थांबतात."

सुनेने अँटेनाकडे पुन्हा पाहिलं. आता नीट पाहिलं. एकही नळी सुटली नव्हती. खालची बाजू, टोकं, खांबाला आवळलेला पट्टा, सगळीकडे सारखा हात, कुठे ओघळ नाही. आणि डबीतले स्क्रू रंगाने माखले नव्हते. ते काढून, वायरची टोकं बाजूला करून, खालची जागा रंगवून परत आवळले होते. गोदीत हेच शिकवत. स्क्रूवरून रंग फासतो तो हमाल, स्क्रू काढून खाली रंग देतो तो रंगारी, कारण गंज शिरतो तो खालूनच. लग्न होऊन आली त्या वर्षी त्यांनी खिडकीच्या बिजागऱ्या रंगवताना तिला हे कौतुकाने दाखवलं होतं.

"बाबा, वायरला धातू लागला पाहिजे," ती म्हणाली. "मध्ये रंग आलाय."

त्यांना कळायला क्षणभर लागला. मग त्यांचा चेहरा असा झाला की तिने नजर काढून घेतली.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

खालून नणंदेचा आवाज आला. बातम्या सुरू झाल्या होत्या. आवाज येतोय, चित्र नाही.

*

चिंधी. टर्पेंटाइन. केसांतली पिन.

ते सांगत होते आणि ती करत होती. आधी भिजव. घासू नकोस, पुस. आता पिनेने खरवड. टोक चकाकलं पाहिजे, तांबडं दिसलं पाहिजे. शिडी वाऱ्याने हलायला लागली तेव्हा त्यांनी छपरावर खाली वाकून ती खांद्याने रेटून धरली. एक स्क्रू तिच्या बोटांतून निसटला आणि त्यांच्या सदऱ्याच्या घडीत अडकला. त्यांनी तो काढून दिला, तिने आवळला.

"आलं," नणंद म्हणाली. आणि मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "वहिनी, तेच चाललंय. ये लवकर."

सून शिडीवरून उतरली, जिन्याच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. पाय पुढे पडेना. सासरेही उतरून तिच्या मागे येऊन उभे राहिले. म्हणून मग नणंदच जिन्याच्या तळाशी आली, मान खोलीकडे वळवून, आणि दिसेल ते वर सांगू लागली.

"धक्का दाखवतायत. गाडी आहे. माणसं बसलीत ओळीने, अंगावर पांघरुणं. दाढीवाला एक, हा नाही. हा पण नाही. एकाचा हात गळ्यात बांधलाय." ती थांबली. "तो नाही. म्हातारा आहे. पुढचा... नाही. आता कुणीतरी अधिकारी बोलतोय."

वर दोघं ऐकत होती.

"परत माणसं दाखवतायत. तीच."

खालच्या खोलीतून निवेदिकेचा स्वच्छ, एकसुरी आवाज येत राहिला, आणि त्यानंतर एक वेगळा, उत्साही आवाज, मैदानाचा, टाळ्यांचा.

"खेळाच्या बातम्या लागल्या," नणंद म्हणाली.

"आई?" सुनेने विचारलं.

"बघतेय अजून."

सासऱ्यांचे हात पुन्हा सुरू झाले होते. सुनेने ते आपल्या हातांत धरले आणि दारापाशीच्या पायरीवर त्यांना बसवलं, स्वतःही बसली. दोघांच्या तळव्यांना रंग होता, तो चिकटून राहिला. खाली कुणीतरी सामना जिंकला. टीव्ही बंद करायला कुणी उठलं नाही.

*

सासऱ्यांनी दुपारी रंगाचा डबा उघडला त्याच्याही आधी तिचा नवरा त्या बंदरातल्या दवाखान्यात, एका लाकडी बाकावर, त्याच्या मापाला मोठ्या अशा कुणाच्यातरी कपड्यांत, भिंतीकडे तोंड करून झोपला होता. आणि धक्क्यावर कॅमेरे आले तेव्हा त्याला कुणी उठवलं नव्हतं.