पानाला बांधलेला दोरा

भाची दोन महिन्यांसाठी परगावी निघाली आणि तिच्या मुंग्या माझ्या गळ्यात पडल्या. वरून उघडी काचेची पेटी, आत जंगलातून आणलेल्या मुंग्या आणि त्यांची एकुलती एक राणी. ती राणी शोधण्यात पोरीची दोन वर्षं गेली होती आणि सगळी पीएचडी तिच्यावरच होती. पेटी मी शिलाई मशीनशेजारी, वेलाच्या कुंडीखाली ठेवली.

"मावशी, एखादी घोळका सोडून झोकांड्या खात वर चढायला लागली, तर चिमट्यानं उचल आणि या बाटलीत बंद कर," ती दारातून म्हणाली. "का ते आल्यावर सांगते, गाडी सुटेल!"

चौथ्याच दिवशी तशी एक दिसली. काचेवर चढायची, पावडर लावलेल्या कडेवरून घसरायची, पुन्हा चढायची. बाकीच्या तिला ढकलत होत्या. मी चिमटा उचलला, पण मन धजेना. एकटी राहणारी बाई मी. घोळक्यातून बाहेर काढलेल्याचं दुःख मला विचारा. म्हटलं, पुस्तकं वाचून दयामाया शिकता येत नाही! वीतभर दोरा कापला, वेलाच्या पानाला बांधून पेटीत सोडला. बया सरसर वर गेली, पानाची शीर जबड्यात धरली आणि तिथंच थांबली. मला केवढं समाधान वाटलं!

मग गणवेशांचं काम आलं आणि मान वर करायला फुरसत उरली नाही. मुंग्या कमी दिसायच्या. वाटलं, आत असतील.

भाची परतली, पिशवी खांद्यावर तशीच ठेवून पेटीकडे गेली आणि पांढरीफटक पडली. मी चष्मा लावून पानाकडे पाहिलं. माझी मुंगी कधीच मेली होती. तिच्या डोक्यातून बारीक तपकिरी देठ फुटला होता.

"बुरशी आहे ती, मावशी. मुंगीच्या अंगात शिरते, तिला उंच चढायला लावते आणि तिथून खालच्यांवर भुकटीसारखे बीजकण टाकते." तिनं काचेच्या कडेवरून बोट फिरवलं. "पण कडेला पावडर होती. ही वर गेलीच कशी?"

मी दोऱ्याकडे बोट केलं.

दोऱ्यावर कुणीतरी चढत होतं. झोकांड्या खात, हळूहळू. इतरांपेक्षा दुप्पट मोठं.

"राणी," भाची म्हणाली.

मी कात्री शोधायला लागले. ती माझ्या हातातच होती.

भाचीनं चिमटा उचलला. "बाटली दे, मावशी."

बाटली दोन महिने पेटीशेजारीच होती, रिकामी.