सव्वाशे मीटरचा शब्द

आमच्या साहेबांना टोचणारे शब्द चालत नाहीत. मी जर्मनचं इंग्रजी करून दिलं, की ते स्वतः बसून त्याला तूप लावतात. ‘मनाई’चं ‘शक्यतो टाळा’, ‘धोका’चं ‘काळजी घ्या’. का, तर गिऱ्हाईक घाबरतं. ऑफिसात आम्ही त्यांना गुळगुळे म्हणतो, अर्थात माघारी. वॉशिंग मशीनच्या पुस्तिकांपर्यंत मी दातओठ खात गप्प बसले. पाणबुडीच्या वेळी मात्र आधीच बजावलं होतं.

पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवणारी छोटी पाणबुडी. जुनी, जर्मन बनावटीची. तिच्या पुस्तिकेत खोलीचे तीन आकडे होते. पन्नास मीटर, रोज इथपर्यंतच जायचं. पाऊणशे, कारखान्याने रिकामी बुडवून तपासलेली. आणि सव्वाशे. तिथला जर्मन शब्द म्हणताना जिभेला गाठ पडते, त्सेरश्टोरुंग्सटीफे, पण अर्थ सरळ आहे: इथे बोट चेपून फुटते. मी लिहिलं, ‘कोलॅप्स डेप्थ’. साहेबांना म्हटलं, “या तीन ओळींना हात लावायचा नाही.”

“अहो बाई, विश्वास ठेवा की माझ्यावर,” म्हणाले. ठेवला. मूर्खच मी!

पुढे माझ्या धाकट्या भावाला त्याच बोटीवर चालकाची नोकरी लागली. परवा जेवताना तो फुशारकी मारत म्हणाला, “ताई, आज नव्वदपर्यंत नेली! खाली बुडालेलं जहाज आहे ना, लोक नुसते वेडे झाले. मालक म्हणतायत, उद्यापासून रोज तिथेच.”

“नव्वद? पन्नासच्या पुढे जायचं नाही, असं लिहिलंय ना?”

“पन्नास नुसती सुचवलेली आहे गं. मॅक्झिमम सव्वाशे.” त्याने पुस्तिका मोबाइलवर उघडून पुढे केली. ‘रेकमेंडेड डेप्थ’ पन्नास, ‘मॅक्झिमम डेप्थ’ सव्वाशे. पाऊणशेची ओळच गायब.

माझं असं डोकं फिरलं, की ताट ढकलून उठलेच. “अरे गाढवा, सव्वाशेला ती फुटते! जुनी बोट आहे, त्याच्या आधीही फुटेल!”

“उगाच घाबरवू नकोस. थोडी कुरकुरली, बस.”

कुरकुरली म्हणे! मी तिथल्या तिथे साहेबांना फोन लावला, स्पीकरवर.

“बाई, जेवतोय मी.”

“जेवा, पोटभर जेवा. कोलॅप्सचं मॅक्झिमम कुणी केलं?”

“अहो, गिऱ्हाईकच म्हणालं, फुटणंबिटणं नको, परवाना देणारे बिचकतात. आकडा तोच आहे ना? आकड्याला मी हात लावलेला नाही.”

“आकडा काय चाटायचाय? तिथे काय होतं तेच पुसून टाकलंत तुम्ही!”

“आवाज चढवू नका.”

“चढवणार! माझा सख्खा भाऊ ती बोट घेऊन खाली जातोय. उद्या तुम्हीही या, फुकट बसवते. तुमच्या मॅक्झिममपर्यंत जाऊन या.”

ते हळूच म्हणाले, “मला कशाला मध्ये ओढता? मी काही वेडा नाही.”

धाकट्याने हातातला घास ताटात ठेवला. मी साहेबांना जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नोकरी तर गेलीच, जाऊ दे मसणात.

मग धाकट्याने बोटीच्या मालकाला फोन केला. “उद्या मी बोट काढणार नाही.” मालक खेकसला, दुसरा चालक आणतो म्हणाला. मी फोन हिसकावून घेतला. “आणाच! मूळ जर्मन पुस्तिका घेऊन सकाळी मी बंदराच्या अधिकाऱ्यांच्या दारात बसते, मग बघू कोण काढतं बोट.” त्याने फोन आपटला.

मला वाटलं, आता धाकटा म्हणेल, वाचवलंस गं ताई. त्याऐवजी मोबाइलवर पुस्तिकेचं शेवटचं पान काढून त्याने माझ्यासमोर धरलं. खाली छापलं होतं, अनुवाद, आणि पुढे माझं पूर्ण नाव.

“मालक पन्नासच्या खाली चल म्हणाले, तेव्हा मी नाहीच म्हटलं होतं,” तो रागाने म्हणाला. “आत सहा माणसं होती ताई, त्यात दोन लहान पोरं. मग हे नाव बघितलं, आणि नेली.”