धुराच्या खोलीतला चहा

मी एक राखदाणी बोलतेय. पितळेची, कमरेइतकी उंच, डोक्यावर वाळूचं ताट. सभागृह नवं होतं तेव्हा व्यवस्थापकांनी मला हौसेनं आणलं. "पाहुण्यांची गैरसोय नको," म्हणत त्यांनी सिगारेटवाल्यांसाठी वेगळी खोलीच काढली. मऊ खुर्च्या, बंद काचा आणि मधोमध मी.

अधिवेशनं व्हायची, स्वागतसमारंभ व्हायचे. व्यासपीठावर एकमेकांवर तुटून पडलेले इथे एकाच काडीवर पेटवून घ्यायचे. मला मोठा अभिमान वाटायचा.

मग कुणीतरी म्हणालं, इथेच चहा मिळाला तर काय बहार! झालं. बाहेर दालनात चहा देणाऱ्या मावशींचं टेबल आत आलं. मावशी अबोल, पण चहा फक्कड करायच्या.

"मावशी, धुराचा त्रास नाही ना होत?" एक वकीलसाहेब दर वेळी विचारायचे. विचारायचे आणि पेटवायचे.

"नाही हो साहेब, सवय झाली."

सगळे गेले की त्या माझी थोटकं उपसायच्या आणि भिंतीला टेकून खोकायच्या. खोकताना पदर तोंडात कोंबायच्या. एकदा त्यांनी धीर करून व्यवस्थापकांना विचारलं, "मला बाहेरचं काम द्याल का?"

"एवढं अधिवेशन पार पडू दे, मग बघू."

अधिवेशनांना काय तोटा!

एका वर्षी मावशी आल्याच नाहीत. त्यांची मुलगी आली. ती आत पाऊल टाकेना. दारातच किटली घेऊन उभी राहिली.

"आत ये ना, बाळ," वकीलसाहेब म्हणाले. "आई कुठेय?"

"गेली. छातीनं गेली. जन्मात एक झुरका घेतला नव्हता तिनं." तिचा आवाज चढला नाही. "चहा इथे आहे. ज्याला हवा त्यानं विझवून बाहेर यावं."

वकीलसाहेबांनी अर्धी सिगारेट माझ्या वाळूत खुपसली. ते बाहेर गेले, चहा घेतला, पण तिच्याकडे बघू शकले नाहीत. जेवणानंतर पुन्हा आले आणि पेटवली.

पुढे खोली बंद झाली. आता मी मागच्या आवारात, उघड्यावर असते. पितळ काळं पडलंय. ओढणारे येतात, वाऱ्यात काड्या वाया घालवतात, गैरसोयीबद्दल कुरकुरतात. कुरकुरू देत. बाबांनो, इथेच उभे राहा. फक्त कुणाला चहा घेऊन बोलावू नका.