अर्ध्यावर थांबलेला चाप

मित्रांनो, मी एक जवळजवळ न वापरलेला रिव्हॉल्व्हर आहे. माझं वय फार नाही, पण जे पाहिलं ते म्हातारा व्हायला पुरेसं आहे. मला हातात घेणारा प्रत्येक माणूस आधी एकच म्हणतो, "किती गोड आहे हा!" पूर्वी या कौतुकाने मी फुगून जात असे. आता तो शब्द ऐकला की मला स्वतःची लाज वाटते.

माझं अंग हलक्या धातूचं आहे. खिशात मावावा म्हणून कारखान्यात माझी नळी आखूड ठेवली. खिशात चुकून उडू नये म्हणून चाप चांगला कडक केला. मला तपासणारा कारागीर धिप्पाड होता. त्याच्या पंजात मी लिंबाएवढा दिसत होतो. त्याने चाप ओढून पाहिला, मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. त्याला तो कडक वाटलाच नाही.

तिथून मी अमेरिकेतल्या टेनेसीच्या डोंगरांत बर्लच्या दुकानात आलो. बर्लकडे गळाला लावायची गांडुळं, रबरी बूट आणि बंदुका असं सगळं एकाच छपराखाली मिळतं. मला त्याने काचेच्या कपाटात पुढच्या रांगेत बसवलं. मी ऐटीत होतो.

नाताळच्या आधी एका सकाळी लायल आला. लायल लाकडाच्या गिरणीत काम करतो. त्याच्या काखेत एक लांब रायफल होती, जुन्या चादरीत गुंडाळलेली.

"ही तर तुझ्या वडिलांची!" बर्ल म्हणाला. "हिच्यावर तुम्ही दोघं भावंडं नेम धरायला शिकलात ना रे?"

"हो. बदल्यात मला मार्लासाठी काहीतरी छोटं दे. कर्टिस पुन्हा तिच्या घराभोवती घिरट्या घालतोय."

मार्ला ही लायलची धाकटी बहीण. कर्टिस तिचा घटस्फोटित नवरा. दोन वर्षांपूर्वी त्याने तिचा उजवा हात पिरगळून मनगट मोडलं होतं. तिने मात्र इस्पितळात सांगितलं, "चर्चच्या पायऱ्यांवरच्या बर्फावरून घसरले." लायलने तेव्हा त्यावर विश्वास ठेवला. खरं कळलं तेव्हापासून त्याला स्वतःचा राग येत असे.

"मनगट अजून नाजूक आहे तिचं," लायल म्हणाला. "म्हणून हलकंच हवं."

बर्लने मला काढून लायलच्या तळव्यावर ठेवलं. "बायकांसाठी याच्यासारखं दुसरं नाही. उचललाय हे कळतसुद्धा नाही."

त्या वेळी दुकानात मिस ओपल होत्या. त्या चर्चच्या तळघरात नवख्या लोकांना हत्यार हाताळायला शिकवतात. गावात सगळे त्यांना वचकून असतात.

"लायल, बूट घ्यायचे असते तर तिला न आणता घेतले असतेस का?" त्यांनी विचारलं.

"भेट आहे, मिस ओपल. आधी दाखवली तर मजा काय राहिली?"

"मजा गेली खड्ड्यात. हलकं म्हणून घेतोस, पण हलकं हत्यारच हाताला जास्त दणका देतं. आणि याचा चाप ओढायला तुझ्यासारखा रेडा लागतो. तिला इथे आण. रिकामा करून तिच्या हातात दे. चाप तिचा तिने ओढू दे. जे तिला ओढता येईल, जे ती न घाबरता पुन्हा पुन्हा चालवेल, तेच तिचं. मग ते दिसायला कसं का असेना. आणि त्याच्याही आधी तिच्या घराच्या मागच्या दाराला धड कडी बसव."

"बसवतो हो, या आठवड्यात बसवतो," लायल हसून म्हणाला. "तुम्ही ना, माझ्या आजीपेक्षा जास्त ओरडता."

बर्लही हसला. त्या डोंगरांत बहिणीला, बायकोला, मुलीला हत्यार पुरुषच निवडून देतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. रायफल भिंतीवर गेली आणि मी लाल कागदात गुंडाळला गेलो. मिस ओपलचं बोलणं मला पटलं होतं. पण मला तोंड कुठे आहे?

नाताळच्या सकाळी मार्लाने कागद उलगडला. "किती गोड आहे हा!" ती म्हणाली. मग तिची नजर लायलच्या बैठकीतल्या रिकाम्या खुंट्यांकडे गेली. वडिलांची रायफल तिथेच टांगलेली असे. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या खुंट्यांकडे, आणि भावाच्या गळ्यात पडून ती खूप रडली. थोरल्या भावाला ती लहानपणापासून बब्बा म्हणते. "थँक्यू, बब्बा," एवढंच तिला बोलता आलं.

घरी गेल्यावर तिने लायलने भरून दिलेली माझी काडतुसं काढून ठेवली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीकडे तोंड करून चाप ओढला. तो अर्ध्यापर्यंत आला. तिच्या मनगटातून कळ गेली आणि चाप परत जागेवर गेला. तिने दोन बोटं लावून पाहिली. डाव्या हाताने पाहिलं. शेवटी खुर्चीवर बसून ती मला म्हणाली, "जमेल रे हळूहळू." मित्रांनो, मी माझ्या आतल्या स्प्रिंगला किती विनवलं असेल! पण मला जसं घडवलं तसाच मी आहे.

रविवारी जेवताना लायलने विचारलं, "चालवून पाहिलास का गं?"

"पाहिला ना. मस्त आहे."

"चल मग, मागच्या खाणीत डबे मांडू. बघू तरी नेम अजून शाबूत आहे का. लहानपणी मला हरवायचीस."

"आज नको बब्बा, घरी घेवडा शिजत ठेवलाय."

पुढच्या रविवारी तिचं डोकं दुखत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी पाऊस होता. मिस ओपलच्या वर्गालाही ती गेली नाही, कारण तिथे चारचौघांत चाप ओढावा लागला असता आणि संध्याकाळच्या आत लायलला कळलं असतं. वडिलांची रायफल देऊन आणलेली वस्तू कुचकामी आहे, हे ती त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? मागच्या दाराची कडीही राहूनच गेली. मी घरात आलो म्हणून लायल निर्धास्त झाला होता. माझ्यावर एवढा भरवसा कुणी टाकू नये, असं मला ओरडून सांगावंसं वाटे.

मार्चमधल्या एका दुपारी मार्ला ओव्हनमधून मक्याचा पाव काढत होती. मागचं दार नुसतं ढकललं गेलं आणि कर्टिस आत आला.

"माझे मासे धरायचे गळ न्यायला आलोय," तो म्हणाला. "असं काय बघतेस, भूत पाहिल्यासारखं?"

"गळ तू केव्हाच नेलेस. बाहेर हो, कर्टिस."

तो हसत पुढे आला. मार्लाने ओट्याखालचा खण उघडला आणि भरून ठेवलेल्या मला दोन्ही हातांनी धरलं. मला कुणाचा जीव घ्यायचा नव्हता, आजही नाही. पण त्या क्षणी तिच्या मदतीला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तिने चाप ओढला. तो अर्ध्यापर्यंत आला आणि तिथेच अडला.

कर्टिसने अर्ध्यावर अडलेल्या चापाकडे आणि तिच्या मनगटाकडे पाहिलं. ते मनगट तो चांगलं ओळखत होता, मोडलं होतं त्यानेच. त्याला सगळं कळलं.

"अगं, लागेल ना तुला," तो म्हणाला आणि मुलाच्या हातून खेळणं काढून घ्यावं तसं त्याने मला काढून घेतलं. मग तो तिच्या टेबलाशी बसला. त्याने गरम पाव लोणी लावून सावकाश खाल्ला. ती भिंतीला टेकून उभी होती. जाताना तो म्हणाला, "येत जाईन अधूनमधून." मी त्याच्या खिशात होतो. ज्याच्यापासून तिला वाचवायचं म्हणून मला आणलं, त्याच्याच खिशात!

मार्लाने पोलिसांना कळवलं. मी त्याच्या गाडीत सापडलो आणि कोर्टात टेबलावर चिठ्ठी बांधून ठेवला गेलो. त्याने तिच्या घराजवळ फिरकू नये असा हुकूम तिला हवा होता. मला वाटलं, आता तरी ती सुटेल.

"तिनेच दिला मला," कर्टिस न्यायाधीशांना म्हणाला. "घरात नको म्हणाली."

त्याचा वकील उठला. "बाई, भरलेलं हत्यार तुमच्या हातात होतं. यांची तुम्हाला एवढी भीती वाटत होती, तर चालवलं का नाही?"

पहिल्याच बाकावर लायल बसला होता, वडिलांच्या अंत्यविधीला घातलेला कोट घालून. खरं उत्तर एका वाक्याचं होतं, 'मला चाप ओढवत नाही.' ते तिला ठाऊक होतं, कर्टिसला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. मी टेबलावर पडून मनातल्या मनात आक्रोश करत होतो. सांग मार्ला, माझा चाप ओढून दाखव त्यांना, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हरून दाखव!

तिने भावाकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "माझं मन झालं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे तेवढी भीती नव्हती," वकील म्हणाला. मनगटाचं निघालं तेव्हा त्याने तिनेच इस्पितळात सांगितलेलं बर्फावरून घसरणं पुढे केलं. पुरावा पुरेसा नाही म्हणून न्यायाधीशांनी हुकूम नाकारला. कर्टिस उठला, जाताना त्याने मार्लाकडे बघून टोपीला हात लावला.

मला लायलच्या ताब्यात दिलं. गाडीत बसल्यावर त्याने मला मार्लाच्या मांडीवर ठेवलं. त्याचे डोळे लाल झाले होते.

"फार हळवी आहेस तू, मार्ला. पुढच्या वेळी दया दाखवू नकोस."

"नाही दाखवणार, बब्बा," ती म्हणाली आणि तिने मला डाव्या हाताने पर्समध्ये ठेवलं.

मित्रांनो, माझ्यासारख्याला कुणी पहिल्यांदाच घरी नेत असेल, तर माझं एवढंच ऐका. ज्याच्या हातात तो राहणार आहे त्याचा हात आधी पाहा. निवड त्यालाच करू द्या, आणि 'हे मला जमत नाही' असं त्याने म्हटलं तर ते रागावल्याशिवाय ऐकून घ्या. आणि दाराची कडी विसरू नका. हे बर्लच्या दुकानात मिस ओपल सांगत होत्या तेव्हा मीही तिथेच होतो.

आता मी पुन्हा स्वयंपाकघरातल्या खणात आहे. लायलने परवा मागच्या दाराला नवी कडी बसवली. आज दुपारी मार्लाने ती लावली, माझी काडतुसं काढून टेबलावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. बाहेर रस्त्यावर एक गाडी हळू झाली आहे. मार्ला दोन्ही हातांनी चाप ओढते आहे. तो अर्ध्यापर्यंत आला आहे.