गूळ प्यायलेली चिंच

तेजलनं ड्रायव्हरची सीट कचकन मागं सरकवली, पोट आणि स्टिअरिंग यांच्यामधे हात घालून जागा अजमावली आणि अजून एक खाच मागं घेतली. मागच्या बाजूला अडीच वर्षांचा स्वराज त्याच्या छोट्या खुर्चीत पट्ट्यांनी आवळलेला होता. एक चप्पल पायात, दुसरी हातात.

“बसा आबा. पुढंच बसा.”

भिमाजी फाटकाला धरून उभा होता, तो फाटक सोडेना.

“अगं, पर सत्यमला तरी इचार.”

“ते पहिल्या पाळीला गेलेत. फोन गेटवरच ठेवून घेतात त्यांचा. आणि आई बस्त्याला गेल्यात तळेगावला. साड्या उलगडायला लागल्या की संध्याकाळच. विचारू कुणाला?”

“डाक्टरीणबाईला?”

“त्यांना परवाच विचारलं. म्हणाल्या, अजून महिनाभर खुशाल हिंड, फक्त दगदग नको. बसून तर जायचंय.”

सासऱ्यानं एकदा रस्त्याकडं बघितलं, एकदा सुनेच्या पोटाकडं. मग जप्तीला निघालेल्या बैलासारखा तो गाडीत चढला.

झालं होतं ते त्याच्याच जिभेनं. सकाळी ओट्यावर तेजल मेथी निवडत बसली होती आणि भिमाजी तिला गोष्ट सांगत होता. तरुणपणी तो म्हणे कोल्हापुरी गुळाच्या ढेपा भरून टेम्पो घेऊन चालला होता. लोणावळ्याच्या पलीकडं, दुधिवऱ्याच्या खिंडीच्या अंगाला, ऐन आषाढात टेम्पो एका चिंचेच्या बुंध्याशी आडवा झाला. रात्रभर पाऊस, रात्रभर गूळ विरघळतोय आणि झाड मुळांनी घटाघटा पितंय. तेव्हापासून त्या झाडाच्या डोंगराकडच्या फांद्यांना चिंच लागते ती आंबट, रस्त्याकडच्या फांद्यांना लागते ती गोड. वानरंसुद्धा आधी डोंगराकडं जेवतात आणि मग गोडाला म्हणून रस्त्याकडं येतात.

तेजलनं मेथीची जुडी खाली ठेवली होती.

“आबा, मला ती चिंच पाहिजे.”

“आँ?”

“आत्ता. डोहाळा लागला बघा.”

आता डोहाळा म्हणजे काही थट्टा नाही. गरोदर बाईचा डोहाळा मोडला की पोराचा कान फुटतो, हे भिमाजीला त्याच्या आईनं सांगितलं होतं, आणि आईचं तेवढं एक त्यानं बिनशंका मानलं होतं. पण कानापेक्षाही त्याला दुसरीच धास्ती पडली. सोमाटण्यात भिमाजीनं ‘आज सोमवार’ म्हटलं तरी लोक कॅलेंडर बघून यायचे. पारावर तो तोंड उघडायचा अवकाश, माणसं धोतर झटकून उठायची. घरात कस्तुराबाईनं तर लग्नाच्या पहिल्याच वर्षी कान बंद करून घेतले होते. उभ्या गावात एकच माणूस असं होतं, की जे हातातलं काम थांबवून त्याच्याकडं टक लावून बघायचं आणि विचारायचं, “मग पुढं काय झालं, आबा?” आणि तेच माणूस आता गाडीला चावी लावून ते झाड बघायला निघालं होतं. भिमाजीनं उभ्या जन्मात गुळाची ढेप वाहिली नव्हती. वाहिल्या त्या विटा.

गाडी जुन्या हायवेला लागली. वडगाव येईपर्यंत भिमाजीनं पहिला खडा टाकून पाहिला.

“औंदा धरली आसंल का न्हाई कुणास ठाऊक. एक साल आड धरतं ते झाड.”

“चैत्र आलाय आबा. आपल्या दारची चिंच सडा घालतीये. तीच धरली तर ती गूळ प्यायलेली न धरायला काय झालं?”

कामशेतला त्यानं दुसरा टाकला.

“त्या रस्त्यानं जायाचं मंजी लय वळणं. पोराला वकाऱ्या व्हत्यात.”

“स्वराज, तुला ओकारी होतीये का रे?”

“नाही!” स्वराज म्हणाला आणि आनंदाच्या भरात हातातली चप्पल खिडकीतून बाहेर टाकली.

गाडी थांबली. भिमाजी उतरून उन्हातून मागं चालत गेला. ट्रकच्या चाकानं चपलेची भाकरी केली होती. ती घेऊन येताना त्याला वाटलं, एवढ्यात गाडी बिघडावी, टायर बसावा, काहीतरी व्हावं. पण गाडी झाडाखाली घुरघुरत उभी होती आणि तेजल खिडकीतून हात काढून आरशावरची धूळ पुसत होती. ओढणीचं एक टोक कमरेला खोचलेलं, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर जत्रेला निघालेल्या पोरीचं हसू. गेले तीन-चार महिने घरात जो तो तिला बजावत होता, वाकू नको, पपई खाऊ नको, तिन्हीसांजेला उंबऱ्यात बसू नको. हे असं हसू भिमाजीनं बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. ते आता आपल्याच हातून विझायचं होतं.

लोणावळ्याचा बाजार दिसला आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला.

“जरा थांबीव. पाय मोकळं करून येतो.”

कोपऱ्यावर जैतुनबीची फळांची गाडी होती. भिमाजीचा टेम्पो होता तेव्हापासूनची ओळख. तिनं त्याला बघितलं आणि कलिंगडावर थाप मारली.

“या, भिमाजीभाऊ! आज काय सांगताय? चंद्रावर विटा टाकून आलात?”

“जैतुनबी, वेळ न्हाई. ती गोड चिंच आसती न्हवं? परदेशातली, खोक्यातली. हाय का?”

जैतुनबी त्याच्याकडं बघतच राहिली.

“मावळात राहून चिंच विकत घेता? उद्या पवनेतलं पाणी बाटलीतनं न्याल!”

“दे की गुमान.”

“दिली. पर एवढं सांगा, कुणाला टोपी घालताय?”

भिमाजीनं पैसे टेकवले. सदऱ्याच्या दोन्ही खिशांत चिंचा कोंबल्या, वरून उपरणं घेतलं आणि तो गाडीत येऊन बसला. स्वराज मागून टकमका बघत होता. तेजल समोर बघत होती.

“मोकळे झाले पाय?”

“झालं. चल.”

लोणावळं मागं पडलं तशी गर्दी गेली. मोकळा, तापलेला रस्ता आणि दोन्ही बाजूंना करपलेले डोंगर, मधूनच एखादा पळस पेटलेला. स्वराज दिसेल त्या झाडाला ‘हे?’ म्हणून विचारत होता आणि भिमाजी ‘ह्ये न्हवं बाळा’ म्हणत होता. मग खिंडीचा चढ लागला.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर समोरून पाण्याचा टँकर आला. रस्ता असा, की दोघांपैकी एकानं मागं जायला हवं, आणि टँकरवाला काही मागं जाणाऱ्यातला नव्हता. त्यानं खिडकीतून डोकं काढलं, बाई बघितली, पोट बघितलं आणि हात हलवून ओरडला, “आबा, तुमी घ्या की हातात!”

 याच खिंडीत उतारावर टेम्पो मागं घेतल्याची गोष्ट भिमाजीनं गावाला शंभरदा सांगितली होती, एका हातात बिडी धरून. खरं म्हणजे त्या दिवशी तो खाली उतरून दगड लावत होता आणि टेम्पो क्लीनरनं काढला होता.

तेजलनं हँडब्रेक ओढला. मागं वळून आधी स्वराजचा पट्टा तपासला.

“तुम्ही फक्त दरीकडं बघा आबा. कठडा हातभर राहिला की सांगा. आणि ओरडू नका, तो झोपाळलाय.”

ती डावा हात सीटच्या पाठीवर टाकून, पोट सांभाळत जेवढी वळता येईल तेवढी वळली. चुलीवरच्या दुधाकडं बघावं तशी, नजर न हलवता, तिनं गाडी तसूतसूनं मागं उतरवली. एकदाही गचका नाही. भिमाजी दरीकडं बघायचं विसरून तिच्या हाताकडं बघत राहिला. वळणाच्या पोटात गाडी अशी जाऊन बसली, जशी म्यानात तलवार. टँकरवाल्यानं शेजारून जाताना हॉर्न वाजवायचं सोडून तिला सलाम ठोकला.

“कुठं शिकलीस गं ह्ये?”

“तळेगावला, ड्रायव्हिंगच्या क्लासला. पण उतारावरचं तुमच्या गोष्टीतनं. तुम्ही सांगितलं होतं, ‘घाई करायची न्हाई, गाडीला वाटलं पायजे का तीच चाललीय.’ ”

भिमाजीनं उपरण्यानं तोंड पुसलं आणि बराच वेळ ते तोंडावरच ठेवलं.

खिंडीच्या पलीकडं रस्त्याला लागून एक भलंमोठं चिंचेचं झाड दिसलं. आता टाळायला काही उरलं नव्हतं. “ह्येच,” तो म्हणाला. 

झाडाखाली चिंचांचा खच पडला होता. तेजल दार धरून उतरली, स्वराजचे पट्टे काढून त्याला खाली सोडलं आणि कमरेवर हात ठेवून वर बघत राहिली. तेवढ्यात भिमाजी लगबगीनं बुंध्याला वळसा घालून रस्त्याच्या बाजूला गेला. खिशातून मूठभर चिंचा काढल्या, पाचोळ्यात पेरल्या, पायानं थोडा पाला सारला. पुन्हा खिशात हात घातला तर आत आधीच दुसरा एक हात होता. लहानसा, चिकट.

स्वराजनं खिशातून चिंच ओढून काढली, डोक्यावर धरली आणि ओरडला, “आई! आबांच्या खिशात चिंचा! लय चिंचा!”

तेजल दहा पावलांवर उभी होती. तिनं पोराच्या हातातली चिंच बघितली. जाडजूड, सरळ, टरफलाला साधी धूळसुद्धा नाही. मग वरची बघितली. वाकडी, किडकिडीत, गावठी. मग भिमाजीच्या फुगलेल्या खिशाकडं.  आयुष्यात लोकांनी त्याला खोटं पाडलं नव्हतं असं नाही, पण ती माणसं विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हती.

“हो का?” तेजल म्हणाली. “बघ बरं, किती शहाणे आबा. तू खाली वाकून हात मळवशील म्हणून त्यांनी आधीच वेचून ठेवल्या.”

ती म्हणाली ती अशी, की पापणी लवली नाही. पुढं येऊन तिनं सासऱ्याच्या खिशातली एक चिंच घेतली, सोलली, खाल्ली.

“रस्त्याकडची ना ही?”

“व्हय,” भिमाजी म्हणाला. 

“गूळ लागतो खरा.” आणि ती डोंगराच्या बाजूला जाऊन सावलीत बसली, खालच्या गावठी चिंचा ओटीत गोळा केल्या आणि डोळे मिटून, जीभ टाळूला लावून, एकामागून एक अशा खाल्ल्या, की बघणाऱ्याचे दात आंबावेत. स्वराज गोडाचा मालक झाला. भिमाजी मधे उभा होता. खाली पवनेचं पाणी चकाकत होतं.

परतताना उरलेल्या गोड चिंचा स्वराजनं मांडीवरून सोडल्या नाहीत.

घरी पोचले तेव्हा कस्तुराबाई बस्त्याचं गाठोडं घेऊन ओसरीतच उभी होती.

“कुटं गेलता? अवो, बोला की! पोटुशी बाई घेऊन, लेकरू घेऊन, उन्हातान्हाचं? काय थापा मारून नेलं तिला?”

भिमाजीनं तोंड उघडलं, पण तेजल आधीच पायरीवर टेकली होती.

“थापा नाहीत आई. झाड होतं. आम्ही पोचलो आणि तोडायलाच घेतलं होतं ते. रस्ता रुंद करायचाय म्हणे.”

“कंचं झाड?”

“गुळाचं. निम्मं कापून झालं होतं. पण काय सांगू, करवतीच्या पात्याला ह्या मुंग्या! चार ओढी मारल्या की तो माणूस थांबायचा, पातं ओल्या फडक्यानं पुसायचा. पाक नुसता. शेवटी त्यानं पात्याला राख लावली. आबांना तर बघवेना. मीच म्हटलं, निदान रस्त्याकडच्या चार चिंचा तरी घेऊन चला.”

भिमाजी खांबाला टेकला. चाळीस वर्षं त्यानं ते झाड उभंच ठेवलं होतं. गोष्टीतून बाहेर पडताना मागचं दार लावून घ्यायचं असतं, हे त्याला कधी सुचलं नव्हतं. आणि मुंग्या! मुंग्या तर त्याला सात जन्मांत सुचल्या नसत्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कस्तुराबाईनं बघितलं.

तिनं स्वराजच्या मुठीतली चिंच घेतली, हुंगली, तोंडात घातली. बराच वेळ चघळली.

“आगं बया,” ती हळूच म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली. “मंजी खरं व्हतं व्हय? मग इतकी सालं सांगितलं का न्हाई मला?”

“सांगितलं की,” भिमाजी म्हणाला.

 कस्तुराबाईनं स्वराजच्या गालफडातला चिंचोका बोटानं काढला, ओसरीत पडलेले दोन वेचले, पदरानं पुसले आणि परसात जाऊन खुरप्यानं माती उकरायला लागली. भिमाजी झारी घेऊन मागोमाग गेला. तेजलही गेली, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

“अवो,” कस्तुराबाईनं मान वर केली, “एवढं गूळ प्यालेलं लाकूड. ते कुटं नेलं त्यांनी?”

  भिमाजीनं सुनेकडं बघितलं.

“लाकडाचं ना, आई?” तेजल म्हणाली. “त्याची वेगळीच तऱ्हा झाली.”

भिमाजीनं झारी खाली ठेवली आणि तो पायरीवर, सुनेकडं टक लावून बघता येईल असा, बसला.