ग्रहणाला काकू कशाला?

लोक काशीला जातात, तिरुपतीला जातात. विठाबाईची लेक निघाली होती ग्रहण बघायला. तेही इजिप्तला. येत्या दोन ऑगस्टला तिथं भर दुपारी सूर्य पुरता झाकणार, सहा मिनिटं अंधार पडणार, म्हणून सुकन्या कधीपासून तयारीला लागली होती. लातूरच्या एका क्लासमध्ये ती फिजिक्स शिकवायची. पुण्याची एक सहल कंपनी तिनं गाठली होती, काळे चष्मे मागवले होते आणि बैठकीच्या खोलीत भिंतीवर भला मोठा नकाशा डकवला होता.

विठाबाईला त्या नकाशाकडं बघवत नसे. ज्या ग्रहणानं पोरीचा ओठ जन्मतःच दुभंगला, तेच बघायला पोर हौसेनं निघाली, ही कुठली तऱ्हा? ओठ लहानपणीच शिवून घेतला होता, पण खूण राहायची ती राहिलीच. "आई, तू पण चल ना," असं सुकन्या दोनदा म्हणाली, तेव्हा घरात ग्रहणाचं नाव काढायचं नाही, असं विठाबाईनं ठणकावलं होतं.

तेव्हापासून पाणी कुठंतरी मुरायला लागलं. सुकन्या दर रविवारी नांदेडला जायला लागली. विचारलं तर म्हणे, काम आहे. काम असं, की जाताना डब्यात धपाटे आणि येताना पिशवीत शेवया, त्याही हातानं वळलेल्या. फोन वाजला की पोर गॅलरीत पळायची. विठाबाईच्या मनात पाल चुकचुकली. आधी वाटलं, कुणी पोरगा असेल. आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. पण असा कुठला पोरगा शेवया वळतो?

एका सकाळी सुकन्या आंघोळीला गेली आणि फोन वाजला. विठाबाईनं उचलला, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

"सुकू, बोटं उमटली बरं का माझी, पासपोर्टाच्या मशिनीवर! लई घासून धुतले हात."

आवाज शिवकांताचा होता. धाकट्या जावेचा. सुकन्या जन्मल्यापासून जिच्याशी बोलणं बंद, तिचा आवाज विठाबाईनं पहिल्याच शब्दाला ओळखला.

वैर उगाच नव्हतं. निलंग्याजवळच्या त्यांच्या गावी, ऐन दिवाळीत सकाळीच ग्रहण लागलं, तेव्हा विठाबाई पोटुशी होती. हलायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही, म्हणून सासूनं तिला अंधाऱ्या खोलीत बसवलं आणि स्वतः ग्रहणाच्या आंघोळीला तळ्यावर गेली. थोड्या वेळानं बाहेरून शिवकांतानं हाक दिली, ग्रहण सुटलं, या. विठाबाई बाहेर आली, विळी घेऊन भोपळा चिरायला बसली, आणि सासू ओल्या लुगड्यानं ओरडतच घरात शिरली, की अजून सुटलेलं नाही. पुढं सुकन्या झाली, तसा ओठ घेऊन. महिन्याभरानं शिवकांताला शिवम झाला, अंगावर साधा डागही नाही. विठाबाईनं बोटांवर महिने मोजले. म्हणजे त्या सकाळी हीसुद्धा पोटुशी होती, कुणाला न सांगता! आपलं जपलं, विळीला हात लावला नाही आणि मला चिरायला बसवलं. त्या दिवसापासून एका घराच्या दोन चुली झाल्या.

सुकन्या बाहेर आली, तशी विठाबाई तिच्या अंगावर धावली. "तिला न्यायलीस? माझ्या वैरिणीला?"

"आधी तुलाच विचारलं होतं, आई. त्या दिवशी काय झालं, तेही तुलाच विचारलं होतं."

"तिनं काय कान भरले तुझे?"

"रविवारी काकूच इकडं येणारेत. त्यांनाच विचार."

तो आठवडा विठाबाईला अन्न गोड लागलं नाही. शिवकांताला लेक नाही. तिला माझी हवी. परदेशात दोघी एका खोलीत राहतील, एका ताटात जेवतील, आणि परत येईल ती पोर माझी नसेल. नवरा गेल्यावर तिला लेकीवाचून होतं कोण? भीतीनं तिचा जीव अर्धा झाला.

रविवारी शिवकांता नांदेडहून आली. केस पार पांढरे झालेले. सोफा सोडून खालीच टेकली.

"अक्का, बरं हाय का?"

"माझं राहू दे. सुटलं न्हवतं तर सुटलं म्हून का सांगितलंस?"

"उजेड आल्यागत वाटलं. मला कुठं घड्याळ कळत होतं?"

"आन् सोता विळीला शिवली न्हाईस."

शिवकांतानं मान वर केली. "कोन म्हनलं? ग्रहण लागल्यापासनं बैलं हंबरत होती. तुमी खोलीत, घरात दुसरं कुनी न्हाई. मीच कडबा तोडला. मंग मिरच्या चिरत बसले. तुमी आलात तवा विळी माझ्याच म्होरची वढली, अक्का."

विठाबाई खोटारडी म्हणणार होती. पण तिला आठवलं: भोपळा चिरताना बोटं चुरचुरली होती, आणि तेच बोट डोळ्याला लागून दिवसभर पाणी वाहिलं होतं. भोपळा काही चुरचुरत नाही. म्हणजे ही खरंच चिरत होती, भर ग्रहणात, पोटात शिवम असताना. आणि शिवमला काही झालं नाही. मग विळीनं कुणाचंच काही झालं नव्हतं? आपल्या ज्या हाताला ती रात्रंदिवस मनातल्या मनात शिव्या देत आली, आणि शिव्या सोसवेनात म्हणून जावेला देत आली, त्या हातानंही नाही?

छाती हलकी व्हायला लागली तोच दुसरा विचार फणा काढून उभा राहिला: चिरलं हिनं, आणि भोगलं माझ्या पोरीनं. विठाबाईचं तोंड उघडलं.

"आलं न्हवं तोंडावर?" शिवकांता म्हणाली. "शिवमचं सुकूवर ढकललं, ह्येच ना? म्हून तर इतकी वर्षं गप ऱ्हायले."

चहाचे कप घेऊन सुकन्या दारात थांबली होती. ती काकूकडं बघत नव्हती. तिची नजर आईच्या तोंडावर होती, आणि तिचा तो शिवलेला ओठ दाताखाली धरलेला होता. विठाबाईनं लेकीकडं पाहिलं.

"आलं हुतं तोंडावर," ती म्हणाली. "पन आता म्हननार न्हाई."