लिग्निनचा पाट

काही झालं तरी सासरी रुसायचं नाही, असं यज्ञेश्वरने लग्नाआधीच ठरवून टाकलं होतं. त्याच्या थोरल्या काकांनी पहिल्या दिवाळसणाला फराळाच्या पाटावर असं ठाण मांडलं होतं, की सासऱ्यांनी दुभती म्हैस कबूल केल्यावरच ते उठले. फराळ संपूनही पाट न सोडणारा जावई काहीतरी मागतोय, हे कुणाला सांगावं लागत नाही. काकांना त्यांच्या सासरी अजून ‘म्हैसवाले’ म्हणतात. यज्ञेश्वरला असली पदवी नको होती, आणि तसा शब्दही त्याने बायकोला, मालतीला दिला होता.

त्याचे सासरे वेणीमाधवराव सोलापूरच्या एका हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात घरच्यांचा अंत पाहत. त्या वर्षी, म्हणजे १९३३ साली, त्यांच्या डोक्यात लिग्निन शिरलं होतं. लाकडातले तंतू एकमेकांना धरून ठेवणारा पदार्थ तो लिग्निन. मास्तरांचे बागाईतदार स्नेही शिवप्पा यांच्या बागेत पेरू-डाळिंबांची छाटणी झाली की काटक्यांची गाडी मास्तरांच्या दारात रिकामी होई. पूर्वी त्या काटक्या चुलीत जात. आता मास्तर त्या कॉस्टिक सोड्यात उकळून काकवीसारखा काळा रस काढत होते.

“एवढी मोलाची वस्तू आणि आपण जाळतो!” असं म्हणत त्यांनी त्या रसाचे उपयोग शोधायला घेतले. शाई केली, ती हेडमास्तरांच्या बोटांवरून काही केल्या निघेना. वंगण केलं, ते शिवप्पांनी भाबडेपणाने आसाला लावलं आणि भर बाजारात गाडी बैलांसकट उभी राहिली. बुटाचं पॉलिश केलं, तेव्हापासून शेजारचे वकील मास्तरांना पाहिलं की गल्ली बदलू लागले. सासूबाई, म्हणजे शकुंतलाबाई, दूध नासलं तरी “लिग्निन मेलं!” म्हणायच्या.

पहिल्या दिवाळसणाला आलेला यज्ञेश्वर नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून ओलसर अंगानेच फराळाला आला. रांगोळीच्या महिरपीत काळा कुळकुळीत, चकचकीत पाट मांडला होता.

“बसा जावईबापू, खास तुमच्यासाठी रंगवलाय,” मास्तर म्हणाले. मग आवाज खाली आणून पुढे बोलले, “डाळिंबाच्या काटक्यांचं रोगण आहे. शाळेत सगळे हसतात हो मला. हे एवढं साधलं, तर पुन्हा मान वर करून चालेन.”

यज्ञेश्वरला एकदम भरून आलं. तो त्या पाटावर अगदी आदराने बसला.

चकल्या झाल्या, करंज्या झाल्या. हात धुवायला तो जरा उठला, तर पाटही उचलला गेला. अंगाच्या उबेने रोगण पाघळलं होतं. तो घाईघाईने परत टेकला.

“उठा आता,” मास्तर म्हणाले.

“बसतो जरा.”

सासूबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. फराळाला आलेल्या शिवप्पांनी हातातली चकली खाली ठेवली.

“मास्तर, पावनं रुसल्यात की! द्या काय तरी.”

“छे छे! मला काही नको!” यज्ञेश्वर ओरडला.

रुसलेला जावई नेमकं हेच म्हणतो. त्याच्या काकांनीही हेच म्हटलं होतं.

“अंगठी?” मास्तरांनी विचारलं.

“नको हो!”

“घड्याळ?”

“खरंच नको, मामा!”

“लई मोठं मागनं दिसतंय,” शिवप्पा म्हणाले.

मास्तरांनी अंगणातल्या सायकलीकडे एकदा पाहिलं. “माझी सायकल घ्या. मी शाळेत चालत जाईन.”

यज्ञेश्वरला दरदरून घाम फुटला, आणि घामाने पाट आणखीच घट्ट बसला. खरं सांगावं तर म्हाताऱ्याची ही शेवटची आशाही गेली. न सांगावं तर आपण जन्माचे सायकलवाले. दारात मालती उभी होती. “तुम्हीसुद्धा?” एवढंच ती म्हणाली. तेवढ्यात सासूबाई मुकाट्याने हातातल्या पाटल्या काढू लागल्या.

ते मात्र त्याला बघवेना. तो ताडकन उठला. पाटही उठला.

मास्तर धावत मागे गेले आणि त्यांनी पाट धरून ओढला. शिवप्पांनीही हात लावला. पाट हलेना. यज्ञेश्वरने सासऱ्यांचा पडलेला चेहरा बघायला भीतभीत मान वळवली, तर मास्तर अक्षरशः नाचत होते.

“सुटत नाही! अहो, दोघांना सुटत नाही! हे रोगण नव्हेच, हा सुतारांचा सरस आहे! लाकूड धरून ठेवणाऱ्याचं मी गाढवासारखं रोगण करत बसलो!”

मालती तोंडाला पदर लावून भिंतीला टेकली. तिचे खांदे गदगदत होते. सासूबाईंनी पाटल्या परत हातात सारल्या.

“मागा जावईबापू, मागा!” मास्तर म्हणाले. “आज मागाल ते देतो!”

यज्ञेश्वर दोन्ही हातांनी पाट सावरत भिंतीकडे सरकला.

“मामा,” तो म्हणाला, “एक धोतर द्या.”